पाण्यात कोरडे राहण्याची विद्या

आपल्या बालाघाट जिल्ह्यात कोणी तळ्यात वा खाणीच्या खड्ड्यात बुडाले, की तहसील कचेरीतून ‘गोताखोर’ बोलावले जातात. आपल्या घरांतील जुनी माणसे त्याच मनुष्याला ‘पाणबुड्या’ म्हणत आली. ‘गोता’ हा शब्द मराठीतही आहे, पण त्याची आपल्याकडे वेगळीच गत झाली. मराठीत गोता खाणारा मनुष्य पाण्यात जात नाही, तो फसतो. हिंदीत त्याच शब्दाने एक कसबी, धाडसी माणूस उभा राहतो. दोन भाषांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना अशा गमती रोजच्याच. प्रस्तुत लेख मात्र शब्दांविषयी नसून एका पोशाखाविषयी आहे. पाण्याखाली जाऊनही अंगाला पाण्याचा थेंब लागू न देणारा जो पोशाख आज ‘ड्रायसूट’ या नावाने ओळखला जातो, तो कसा घडला, तो घालून बुडी मारायला शिकणे म्हणजे काय, आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या बैहरच्या वाचकाने त्याची दखल का घ्यावी, एवढाच येथे विषय आहे.

पाण्यात कोरडे राहण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. भारतीय युद्धाच्या अखेरीस दुर्योधन द्वैपायन ऱ्हदात जाऊन लपला. त्याने मायेने पाणी थिजवले आणि तळाशी तो विश्रांती घेत पडला, ही शल्यपर्वातील कथा सर्वांस ठाऊक आहे. जलस्तंभन म्हणून ज्या विद्येचा आपल्या जुन्या वाङ्मयात उल्लेख येतो ती हीच. दुर्योधनाला श्वास कसा मिळाला, असा प्रश्न महाभारत विचारीत नाही. युरोपातील कारागिरांना मात्र तो टाळता आला नाही, आणि त्यांची सारी खटपट तेथूनच सुरू झाली.

फिनलंडमधील राहे या गावच्या संग्रहालयात अठराव्या शतकातील चामड्याचा एक पाणबुड्याचा पोशाख जपून ठेवलेला आहे. ‘म्हातारेबुवा’ अशा अर्थाच्या लाडक्या नावाने तेथील लोक त्याला ओळखतात. वासराचे कातडे, शिवणींवर डांबर आणि चरबीचा लेप, तोंडापाशी हवेची नळी, असे त्याचे साधे रूप आहे. जहाजाच्या बुडाखाली जाऊन थोडा वेळ डागडुजी पाहण्यापुरता तो उपयोगी पडत असावा. चामडे भिजते, शिवण पाझरते, तेव्हा खरा कोरडा पोशाख रबराची वाट पाहत होता. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्र तयार केले. आपल्याकडे पावसाळी कोटाला या गृहस्थाचे नाव बरीच वर्षे चिकटून राहिले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी चार्ल्स डीन याने धुराने भरलेल्या घरात शिरता यावे म्हणून एका शिरस्त्राणाचे हक्क नोंदवले. आगीसाठी केलेले हे शिरस्त्राण पुढे पाण्यात उतरले. त्यात एक मोठा दोष होता. ते खालून उघडे असल्यामुळे पाणबुड्या वाकला किंवा आडवा पडला की आत पाणी शिरे.

हा दोष दूर करण्याचे श्रेय लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिराकडे जाते. त्याने १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा अखंड पोशाख एकमेकांना पक्के जोडले. पाणी आत येण्याची वाटच बंद झाली. या बंद पोशाखाची खरी परीक्षा झाली ती स्पिटहेडच्या समुद्रात. १७८२ साली तेथे ‘रॉयल जॉर्ज’ हे प्रचंड लढाऊ जहाज बुडाले होते, आणि त्याचा सांगाडा इतर जहाजांच्या वाटेत आडवा येत होता. कर्नल पास्ली यांच्या हाताखालील लष्करी अभियंत्यांनी १८३९ पासून पुढची काही वर्षे तो फोडून काढला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही माणसे खलाशी नव्हती; ते सुरुंग लावणारे, खंदक खणणारे शिपाई होते. त्यांनी बुडीविद्या कामावरच, एकमेकांकडून शिकून घेतली. आरमाराने या विद्येचे रीतसर शिक्षण सुरू केले ते त्यानंतर.

त्या शिकाऊ शिपायांना दोन भये होती. वरून हवा पुरवणारी नळी फुटली तर पोशाखातील हवा एकदम वर ओढली जाई आणि बाहेरचे पाणी अंगाला चहूकडून पिळून काढी. यावर उपाय म्हणून हवा आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी झडप आली. दुसरे भय याच्या अगदी उलट होते. पोशाखात हवा जास्त झाली तर तो फुगतो, हातपाय ताठ होतात आणि माणूस चेंडूसारखा पृष्ठभागाकडे उडतो. ही दोन भये वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पावणेदोनशे वर्षांत रबर बदलले, झडपा बदलल्या, हवा पाठीवरच्या टाकीत आली, तरी ड्रायसूट शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी याच दोन भयांची ओळख करून दिली जाते.

जाता जाता एक आठवण. ज्यूल व्हर्नच्या १८७० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील कॅप्टन नेमो असाच पोशाख चढवून पाहुण्यांना समुद्रतळावर शिकारीला नेतो. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठीत आणले आणि आपल्यापैकी अनेकांचे बालपण त्यावर पोसले. हा नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर होता, असा खुलासा व्हर्नने १८७५ च्या पुढील कादंबरीत केला आहे. म्हणजे साहित्यातील सर्वांत विख्यात पाणबुड्या आपल्या मध्य प्रदेशाच्या उंबरठ्यावरचाच, जेथून समुद्र दिसतही नाही!

असो. समुद्र न दिसणाऱ्या ठिकाणी या पोशाखाने जे केले, तेच मला त्याच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. दोन उदाहरणे पुरेत.

पहिले सेव्हर्न नदीखालील रेल्वे बोगद्याचे. १८७९ साली खोदकाम चालू असता एक मोठा झरा फुटला आणि सगळे काम पाण्याखाली गेले. उपसा करायचा तर आतला एक लोखंडी दरवाजा बंद होणे आवश्यक होते, आणि तो हजार फुटांहून अधिक आत, काळोखात, पडलेल्या ढिगाऱ्यापलीकडे होता. अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या प्रथम नेहमीचा पोशाख घालून गेला. पण मागे ओढाव्या लागणाऱ्या लांबच लांब हवेच्या नळीने त्याला अडवले. १८८० च्या नोव्हेंबरात तो हेन्री फ्लूस याने बनवलेले, प्राणवायू सोबत वाहून नेण्याचे नवे उपकरण घेऊन पुन्हा उतरला. फ्लूस स्वतः आधी जाऊन हात टेकून आला होता. लँबर्टने दरवाजा बंद केला आणि सूचनेप्रमाणे शेजारची झडपही फिरवली. पाणी उपसून झाल्यावर कळले की, त्या झडपेचे आटे डावे होते. बंद करण्यासाठी फिरवलेली झडप उघडी राहिली होती. तरी दरवाजा लागला म्हणून काम निभावले, आणि १८८६ मध्ये बोगदा वाहतुकीस खुला झाला. फ्लूसच्या उपकरणाची वंशावळ पुढे दोन शाखांनी वाढली. एक पाणबुड्यांकडे गेली. दुसरी खाणीतील विषारी वायूत शिरणाऱ्या बचाव पथकांकडे आली. ज्यांच्या घरातील कोणी खाणीत नोकरीला आहे त्यांना या दुसऱ्या शाखेचे महत्त्व सांगावयास नको.

दुसरे उदाहरण विंचेस्टरच्या प्राचीन कॅथेड्रलचे. विंचेस्टर हे बंदर नव्हे, समुद्रापासून आत असलेले गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मंदिराच्या भिंतींना तडे जाऊ लागले. पाया दलदलीवर, कुजलेल्या लाकडांवर बसलेला होता. पायाखाली चर खणले की ते भूजलाने भरत, आणि पाणी उपसावे तर भिंत खचण्याची भीती. अशा वेळी विल्यम वॉकर या पाणबुड्याला बोलावण्यात आले. १९०६ पासून १९११ पर्यंत हा मनुष्य जवळजवळ दररोज सुमारे सहा मीटर खोल, गढूळ, संपूर्ण अंधाऱ्या पाण्यात उतरत असे आणि केवळ हातांच्या स्पर्शाने काँक्रीटच्या पिशव्या भिंतीखाली रचत असे. अशा पंचवीस हजारांवर पिशव्या त्याने रचल्या असे तेथील नोंदी सांगतात. पोशाखाचे वजन इतके की, दुपारच्या विश्रांतीत तो फक्त शिरस्त्राण काढी आणि अंगावर ओझे तसेच ठेवून चिलीम ओढत बसे. शेवटी मंदिर वाचले. वॉकर १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. १९६४ साली त्याचा म्हणून जो पुतळा बसवला, त्याला चेहरा मात्र त्या कामावरचे अभियंते फ्रान्सिस फॉक्स यांचा आला! ही गफलत २००१ मध्ये नवा पुतळा बसवून दुरुस्त करण्यात आली. हाताने काम करणाऱ्याच्या जागी आराखडा काढणाऱ्याचा चेहरा येणे हे केवळ विंचेस्टरलाच घडते असे नाही.

वॉकर चिखलात पिशव्या रचीत होता, त्याच सुमारास जॉन स्कॉट हाल्डेन हे शास्त्रज्ञ वर येताना पाणबुड्याचे सांधे का आखडतात, तो लुळा का पडतो, याचा शोध घेत होते. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, असे त्यांनी शेळ्यांवर व माणसांवर प्रयोग करून ठरवले. १९०६ मध्ये त्यांच्या पाणबुड्यांनी २१० फुटांपर्यंत बुडी घेतली, आणि १९०८ मध्ये कोष्टके प्रसिद्ध झाली. या मोहिमेत त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पोशाख घालून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, मुलाची मनगटे बारीक. रबरी कफांतून पाणी आत आले आणि पोरगा कुडकुडत वर आला. हा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. १९३९ साली ‘थेटिस’ ही पाणबुडी नव्व्याण्णव माणसांसह गेल्यावर त्यांनी दाब आणि थंडी यांचे प्रयोग स्वतःच्या देहावर केले. १९५७ मध्ये ते भारतात आले, १९६१ मध्ये येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. मनगटाच्या पट्टीतून पाणी शिरण्याचा त्यांचा अनुभव आजच्या प्रत्येक ड्रायसूट-शिक्षकाच्या पहिल्या पाठात आहे, त्यांचे नाव तेथे घेतले जात नसले तरी.

दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडोवर स्वार होणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या रबरी पोशाखाला त्यांनीच ‘चिकट मृत्यू’ असे नाव दिले होते. यावरून त्यातील सुखसोयीची कल्पना यावी. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारे उपकरण सिद्ध केले आणि माणूस नळीच्या दाव्यातून सुटला. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने वेगळाच विचार मांडला. अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही. बुडबुड्यांनी भरलेल्या निओप्रीन रबराने ऊब टिकते, मग आत थोडे पाणी असले तरी चालेल. हाच वेटसूट. स्वस्त, सुटसुटीत, आणि उष्ण समुद्रात उत्तम. कोरडा पोशाख मागे पडला असे वाटत असतानाच १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये जलरोधक चेन आणि छातीवरून हवा भरण्याची झडप असलेला नवा पोशाख तयार झाला. बाल्टिकच्या काठच्या लोकांना वेटसूट पुरणारा नव्हताच.

आता शिकण्याविषयी. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. म्हणून ड्रायसूटचा कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब देतात आतले लोकरी अथवा तत्सम कपडे आणि त्यांत अडकलेली हवा. बाहेरचा पोशाख ही हवा पाण्यापासून राखतो. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावे तसे ते वरून ओघळते. गळ्याला व मनगटांना रबरी पट्ट्या घट्ट बसतात. त्या चढवताना शंखजिऱ्याची पूड लावावी लागते, जुन्या पाणबुड्यांना साबणाचे पाणी लागे. अंगठी, घड्याळ, लांब नखे वर्ज्य. चेन मेणाने घासलेली हवी आणि शेवटच्या दातापर्यंत लागलेली हवी. तेथे बोटभर फट राहिली तर सगळे व्यर्थ. नैसर्गिक विधी आधी उरकून घ्यावा, हा उपदेश शिक्षक गंभीरपणे करतात आणि विद्यार्थी हसतात, पण पहिल्या तासानंतर कोणी हसत नाही.

पाण्यात उतरल्यावर बॉइलचा नियम आपले काम सुरू करतो. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट, हवेचा आकार निम्मा. वीस मीटरवर एक तृतीयांश, तीसवर चतुर्थांश. पोशाख अंगाला आवळू लागतो, घड्या चामडीत रुततात. मग छातीवरची झडप दाबून टाकीतील थोडी हवा आत घ्यायची, थोडीच, पिळवटणे थांबेल इतकी. वर येताना तीच हवा पसरते, तेव्हा डाव्या दंडावरची झडप उंच धरून ती सोडत राहायची. विसरलात तर वर येण्याचा वेग तुमच्या हाती राहत नाही. त्याहून विचित्र प्रसंग म्हणजे डोके खाली गेल्यावर हवा पायांकडे धावते, मोजे फुगतात आणि माणूस पाय वर करून पृष्ठभागाकडे निघतो. दंडावरची झडप तर आता खालच्या बाजूला. यावर उपाय एकच, गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि उभे व्हायचे, की हवा परत खांद्याकडे येते. उथळ पाण्यात ही कोलांटी पुनःपुन्हा करून घेतात, अंगवळणी पडेपर्यंत. पोहण्यात तरबेज असलेल्यालाही येथे नवशिक्यासारखे वाटते, कारण पोहणाऱ्याचा भरवसा स्वतःच्या हातपायांवर असतो आणि येथे एका हलत्या हवेच्या पिशवीशी सख्य करावयाचे असते.

महाराष्ट्रात बुडीविद्या शिकवणारी ठिकाणे आज आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्ली येथील संस्था त्यांत प्रमुख. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात सिंधुदुर्गच्या तटाखालची प्रवाळे पाहायला हजारो पर्यटक जातात आणि स्थानिक तरुण त्यांना हात धरून खाली नेतात. तेथे पाणी उबदार. ड्रायसूट घालून कोणी मालवणात उतरला तर तो घामानेच भिजेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी १९८० च्या दशकात एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेचे समुद्रतळ धुंडाळले, तेही पश्चिम किनाऱ्याच्या सौम्य पाण्यात. त्याच संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, या दोघी त्या खंडावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. औंधच्या पंत घराण्यातील या विदुषींचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. त्या काळी नागपूर आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती आणि बैहर त्याच प्रांताची एक तहसील. ज्या सागराचे पाणी शून्याखाली जवळजवळ दोन अंशांपर्यंत उतरूनही गोठत नाही, त्याचा अभ्यास करायला निघालेली मुलगी समुद्राविना असलेल्या आपल्या प्रांतात जन्मली, याचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झाले नाही असे मला वाटते.

परंतु भारतात कोरड्या पोशाखाची खरी निकड समुद्राकाठी नाहीच. ती हिमालयातील सरोवरांत आहे, आणि पाण्याने भरलेल्या खाणींत आहे. धनबादजवळील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या खाणीतील पाणी खाली कोसळले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. मेघालयातील क्सान येथे डिसेंबर २०१८ मध्ये पंधरा मजूर उंदीरबिळांसारख्या कोळसाखाणीत अडकले. खाणीची विहीर साडेतीनशे फुटांहून खोल. नौदलाचे पाणबुडे विशाखापट्टणमहून आले, पण त्या खोलीवर माणसाला जाता येईना, आणि महिनाभराने दूरवरून चालवलेल्या यंत्राच्या कॅमेऱ्याला पहिला मृतदेह दिसला. ६ जानेवारी २०२५ रोजी आसामातील उमरांगसो येथे तेच घडले, नऊ मजूर, तोच मोसम, तेच नौदल. अशा खाणींचे पाणी थंड तर असतेच, शिवाय गंधकाच्या संयोगाने आम्लही होते. उघड्या त्वचेने तेथे फार काळ काम करता येत नाही.

हे सर्व आपल्यापासून दूर आहे असे कोणास वाटेल. बालाघाट-बैहर रस्त्यावर उकवा लागते. मॅंगनीजची भूमिगत खाण. भरवेलीची खाण तर आशियातील सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण म्हणून ख्यात आहे. दोन्ही ज्या कंपनीच्या आहेत तिचे मुख्यालय नागपुरात, आणि तिची मुळे १८९६ मध्ये मध्यप्रांतात स्थापन झालेल्या कंपनीपर्यंत जातात. पलीकडे मलाजखंडचा तांब्याचा प्रचंड खड्डा १९८२ पासून खोल होत गेला आहे. याशिवाय सोडून दिलेले लहानमोठे खड्डे जिल्हाभर पाण्याने भरलेले दिसतात, आणि दर पावसाळ्यात त्यांतील एखादा कोणाचे तरी मूल घेतो.

त्या वेळी येतो तो आपला ढीमर. बोड्या-तलावांत शिंगाडे लावणारा, जाळे टाकणारा, वैनगंगेच्या व बंजरच्या पाण्याची जात ओळखणारा हा मनुष्य एका लंगोटीवर, एका श्वासावर खाली जातो. विंचेस्टरच्या वॉकरप्रमाणेच तोही डोळ्यांनी नव्हे, हातांनी शोधतो. पौषात मैकलच्या पायथ्याला पहाटे दंव गोठते, तेव्हाही तो उतरतो. चार-पाच बुड्यांनंतर त्याचे ओठ निळे पडतात, बोटे वळत नाहीत, मग काठावर शेकोटी करून त्याला बसवतात आणि दुसरा उतरतो. ही माणसे शिकाऊ नाहीत. त्यांना पाणी शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती गळ्याला आणि मनगटाला नीट बसणाऱ्या पोशाखाची, पाठीवरच्या टाकीची आणि पंधरवडाभर उथळ पाण्यात कोलांट्या मारून घेणाऱ्या शिक्षकाची. एक गोष्ट त्या शिक्षकाला येथे आल्यावर वेगळी करावी लागेल. बुडीची नेहमीची कोष्टके समुद्रसपाटी गृहीत धरून केलेली असतात आणि सुमारे तीनशे मीटर उंचीच्या वर त्यांत दुरुस्ती करावी लागते. बैहरचे पठार त्याहून बरेच उंच आहे. येथल्या तळ्याच्या काठी हवा समुद्रकाठापेक्षा विरळ, म्हणून वर येताना थांबायचे ते अधिक वेळ.